एकतीस एप्रिल

हे खरं घडलेलं आहे. विश्वास ठेवायचा नसेल तर ठेवू नका, माझं काही अडत नाही. पण एक गोष्ट आधीच सांगून टाकतो.

ज्या रात्रीची ही हकीकत आहे, त्या रात्री मी तिथे नव्हतो.

अंगणात कुणीच नव्हतं.

तिथे फक्त कॅमेरा होता. म्हणूनच मला याला भास म्हणता येत नाही. भास माणसाला होतो. आठ पेन्सिल सेलवर चालणाऱ्या प्लास्टिकच्या डब्याला होत नाही.

जागा म्हणजे आमचं जुनं घर. शहर संपतं तिथे, शेवटच्या बसथांब्यापासून चालत दहा मिनिटं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे तीन पायऱ्या, मग अंगण, मग लोखंडी फाटक. मागे ओढ्यापर्यंत झाडी. तिथे आई एकटी राहायची. वडील जाऊन दोन वर्षं झाली होती.

मी एका कारखान्यात स्टोअरकीपर आहे. सव्वीस वर्षं नटबोल्ट मोजतोय. थोरला भाऊ, दादा, विमा कंपनीत दावे तपासतो. तपासतो म्हणजे नाकारतो. आमच्या घरात कुणाचं डोकं दुखलं तरी दादा आधी पुरावा मागतो.

फेब्रुवारीत आईने पहिल्यांदा सांगितलं.

"रात्री अंगणात कुणीतरी येतं रे. पायरीवर बसतं. पहाटेपर्यंत."

"जनावर असेल," मी म्हणालो. "मागे झाडी आहे. कोल्हं, साळिंदर, काहीही येतं."

"साळिंदर खोकतं का?"

मी खिडकीतून पायरीकडे बघितलं.

"मी आतून म्हणते, या आत, गारठा आहे. ऐकत नाहीत. फाटकाकडे बघत बसतात."

ती 'बसतात' म्हणाली. आदराने. आई असं फक्त एकाच माणसाबद्दल बोलायची.

दादाने हे ऐकलं आणि त्याच संध्याकाळी एका वृद्धाश्रमाचं माहितीपत्रक माझ्या टेबलावर आणून टाकलं. गुळगुळीत कागद, पहिल्या पानावर हसणारे म्हातारे.

"डोक्यावर परिणाम झालाय तिच्या. उद्या गॅस चालू ठेवून झोपेल. मग आपल्यालाच लोक विचारतील."

दादाला आईच्या गॅसपेक्षा लोकांच्या विचारण्याची जास्त काळजी. आणि मी त्याला नावं ठेवतोय, तर माझंही लिहून ठेवतो. माहितीपत्रकातलं अंतर मी आधी बघितलं. माझ्या घरापासून वीस मिनिटं, दादाच्या घरापासून पन्नास. मनात आलं, म्हणजे भेटायला मीच जायचं!

आई म्हणाली, "मी या घरातून हलणार नाही. मला वेड लागलं असेल तर सिद्ध करा."

दादाला सिद्ध करणं हा शब्द आवडतो. त्याने तिथल्या तिथे अट घातली. दोन महिने कॅमेरा लावायचा. पायरीवर येऊन बसणारं काहीही, माणूस असो की जनावर, फोटोत दिसलं तर आई घरात राहील आणि दादा स्वतः कुंपण घालून देईल. नाही दिसलं तर एक मेला आई वृद्धाश्रमात.

"कॅमेरा तू निवड," तो मला म्हणाला. "खरेदी तुझं खातं."

म्हणजे आईचं घर एका कॅमेऱ्यावर आलं. आणि कॅमेरा माझ्यावर.

मी रीतसर तीन दुकानांत भाव काढले. शेवटी बाजारामागच्या एका माणसाकडे गेलो. तो दुर्बिणी, टॉर्च, तंबू असलं सामान विकतो. त्याला सगळे दुर्बीणवालाच म्हणतात.

त्याने काउंटरवर तीन ट्रेल कॅमेरे मांडले. झाडाला पट्ट्याने बांधायचे, हिरवट ठिपक्यांचे डबे.

"साहेब, खोक्यावर मेगापिक्सेल लिहिलेत ते वाचू नका, ते कौतुकाला असतात. तीन गोष्टी बघा. अंधारात लाल दिवा दिसतो का. सेल किती दिवस टिकतात. आणि जनावर समोर आल्यावर फोटो निघायला किती वेळ लागतो."

"हा सगळ्यात स्वस्त?"

"याला सव्वा सेकंद लागतो. तेवढ्यात मांजर निघून जातं. शेपूट मिळेल तुम्हाला."

"आणि न हलणारं काही असेल तर?"

"एकदा हललं की याला कळतं. गरम अंग आणि हालचाल, एवढंच ओळखतो हा. नंतर बसून राहिलं तर पूर्ण येईल. पण रानातलं जनावर बसतं कशाला, साहेब, फोटो काढून घ्यायला?"

तो हसला. मीही हसलो. आणि स्वस्तातला घेतला.

मधला घ्यायला हवा होता. आईसाठी घेत होतो. पण मी स्वतःला सांगितलं, बसणाऱ्याचाच तर फोटो हवाय, मग वेगाचे पैसे कशाला द्यायचे? हिशोब अगदी बरोबर होता. माझे हिशोब नेहमी बरोबर असतात. तोच माझा रोग आहे.

दोन मार्चला मी कॅमेरा फाटकाजवळच्या झाडाला बांधला, तोंड पायऱ्यांकडे. दर फोटोखाली एक काळी पट्टी यायची. तारीख, वेळ, तापमान.

दर रविवारी दुपारी जाऊन मी कार्ड काढायचो, दुसरं घालायचो. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत स्टोअरच्या संगणकावर फोटो बघायचो. पहिल्या महिन्यात माझ्याकडे शेपट्यांचा उत्तम संग्रह झाला. मांजराची शेपूट. मुंगसाची शेपूट. कुत्र्याचा मागचा अर्धा भाग. एक केसाळ काहीतरी, बहुधा कोल्हं, तेही जाताना. सगळे निघून जातानाच दिसायचे.

दादाला दाखवले.

"यातलं पायरीवर बसलंय कोण?"

"कुणी नाही."

"मग दावा नामंजूर."

मार्च संपला. एक एप्रिलला सकाळी आईचा फोन आला.

"काल होते."

मी कामावरून परस्पर गेलो. कार्ड काढलं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत बघितलं. तीस मार्चचे फोटो नेहमीसारखे, शेपटी, शेपटी, पान. तापमान चोवीस.

मग एकतीस मार्च. रात्री नऊ दहापासून पहाटे पाच चाळीसपर्यंत...

दोनशे चौदा फोटो.

सगळे रिकाम्या पायरीचे.

शेपूट नाही. पान नाही. बंद दार, तीन पायऱ्या आणि काही नाही. पण कॅमेरा दोनशे चौदा वेळा कशाने तरी चालू झाला होता.

आणि पट्टीवर तापमान होतं... नऊ.

मार्चअखेर आमच्याकडे पंखा लागतो. नऊ अंश थंडी पडते ती फक्त जानेवारीत.

मी संगणक बंद केला. जेवणाचा डबा न उघडताच परत पिशवीत टाकला.

आता मला दोन वर्षं मागे जाऊन सांगावं लागेल. मनाविरुद्ध सांगतोय.

आईचं खुब्याचं हाड मोडलं होतं. ती तीन महिने मावशीकडे होती. वडील घरी. त्यांना रात्रीचं उठून बाहेर जायची सवय लागली होती. दार उघडायचे, फाटकापर्यंत जायचे, परतायचं विसरायचे. म्हणून रात्री कुणीतरी सोबतीला झोपायचं ठरलं. दादा म्हणाला, एक आठवडा तू, एक आठवडा मी. मी म्हणालो, छे, विसरायला होतं. विषम तारीख माझी, सम तारीख तुझी. सोपं.

माझीच पद्धत. माझ्या डोक्यातून आलेली.

डिसेंबरच्या एकतीसला मी गेलो. दुसऱ्या दिवशी एक तारीख. तीही विषम. म्हणजे लागोपाठ दोन रात्री मीच. तेव्हा माझ्या लक्षात आलं, आपलं नुकसान होतंय. मी दादाला फोन केला.

"एकतीस माझी नाही. मी का जास्तीची करू?"

"विषम आहे ना?"

"मग तू एक तारीख कर."

"एक सम आहे का?"

"ते काही नाही. जानेवारीच्या एकतीसला मी येणार नाही, आत्ताच सांगतो."

"बघू," दादा म्हणाला.

जानेवारीच्या एकतीसला मी गेलो नाही. दादा जाईल असं धरून चाललो. दादाही गेला नाही. विषम म्हणजे विषम, असं धरून चालला.

सकाळी दूध टाकणाऱ्याला वडील दुसऱ्या पायरीवर बसलेले सापडले. मफलर गुंडाळलेला. एका पायात चप्पल. मागे दार सताड उघडं. येणाऱ्याला कडी वाजवायला लागू नये म्हणून ते रोज दार उघडंच ठेवायचे.

त्या रात्री नऊ अंश होते.

आईला आम्ही सांगितलं, रात्री उठले असतील, आम्हाला जाग नाही आली. पाळी कुणाची होती हे आईने विचारलं नाही. दादा आणि मी एकमेकांनाही विचारलं नाही. आम्ही दोघे त्या विषयाच्या दोन बाजूंनी जपून चालत आलो. दोन वर्षं.

म्हणून एकतीस मार्चचे ते रिकामे फोटो बघून मी स्वतःला समजावलं. स्वस्तातला माल आहे. थर्मामीटर बिघडला असेल. फांदी हलली असेल. दादाला दाखवले तेव्हा त्याने दहा-बारा फोटो सरकवले.

"रिकामी पायरी," तो म्हणाला. "बास."

पण पट्टीवरच्या तारखेवर त्याची नजर जरा जास्त वेळ थांबली. माझी त्याच्यावर होती.

एप्रिल सुरळीत गेला. शेपट्या. एप्रिलचे दिवस तीसच, याचं मला किती बरं वाटत होतं ते काय सांगू.

एक मेला सकाळी मी शेवटचं कार्ड काढलं. आई पायरीवर भाजी निवडत बसली होती.

"आले असतील बघ यात," ती म्हणाली. "काल बराच वेळ होते."

"काल तीस तारीख होती, आई."

"असेल. मला काय करायचंय तारखेशी?"

सुट्टी असल्यामुळे स्टोअरमध्ये कुणी नव्हतं. मी एकटाच. बाहेर लख्ख ऊन. कार्ड घातलं.

तीस एप्रिल, रात्री अकरा अठ्ठावन्न. मांजराची शेपूट. पंचवीस अंश.

पुढचा फोटो...

पट्टीवर तारीख होती एकतीस एप्रिल.

मी डोळे पुसले. तारीख तीच राहिली. एकतीस एप्रिल, रात्री नऊ दहा. नऊ अंश.

आणि पायरी रिकामी नव्हती.

वडील दुसऱ्या पायरीवर बसले होते. मफलर गुंडाळून. हात मांड्यांमध्ये घालून. एका पायात चप्पल. मागे दार उघडं. आई कडी लावूनच झोपते, पण फोटोत दार उघडं होतं.

कॅमेऱ्याकडे ते बघत नव्हते. फाटकाकडे बघत होते.

एकशे शहाऐंशी फोटो. मी सगळे पाहिले. एक फोटो सोडला नाही, सव्वीस वर्षांची सवय. बऱ्याच फोटोंत ते नुसते बसलेले. एका ठिकाणी, अकरा वाजून चार मिनिटांनी... उभे राहिलेले. मान उंचावून. कोपऱ्यावर एखादी गाडी वळली की माणूस उठतो तसे. पुढच्या फोटोत अजून उभे. त्याच्या पुढच्यात अजून. मग पुन्हा बसलेले.

रात्रीतून चार वेळा उठले.

शेवटचा फोटो पहाटे पाच चाळीसचा. मान छातीवर.

त्याच्या पुढचा फोटो एक मे, रात्री बारा तीन. मांजर परत जाताना.

म्हणजे अकरा अठ्ठावन्न आणि बारा तीन यांच्यामध्ये एक अख्खी रात्र बसवलेली होती. पाच मिनिटांत.

मी तडक दुर्बीणवाल्याकडे गेलो. काही न सांगता कार्ड त्याच्या संगणकात घालायला दिलं.

"तारीख चुकलीय का याची?"

त्याने पट्टी बघितली. कपाळाला आठ्या पडल्या.

"हा चुकला तर मागे जातो, साहेब. सेल काढले की एक जानेवारी दाखवतो. पण नसलेली तारीख कुठून आणणार? ती त्याच्यात भरलेलीच नसते." मग त्याने फोटो मोठा केला. "तुमचं काम झालं म्हणायचं तरी. आजोबा छान पूर्ण आलेत. थंडीत बसवलंत का हो त्यांना असं? आणि दुसरी चप्पल?"

मी कार्ड हिसकावून घेतलं.

म्हणजे त्यालाही दिसत होते.

संध्याकाळी दादाकडे जायचं होतं. वाटेत मी सगळा विचार केला, ताळा करून. फोटो दाखवला तर आई शहाणी ठरते. अट दादाचीच, माणूस असो की जनावर. आई घरात राहते. एवढं सरळ होतं.

पण फोटो दाखवला तर तारीख दिसते. तारीख दिसली की दोन वर्षं न झालेलं बोलणं होतं. पद्धत कुणाची होती. 'येणार नाही' कोण म्हणालं होतं.

दादाने दार उघडलं. "काय निघालं?"

"काही नाही," मी म्हणालो. "शेपट्या."

त्याने माझ्याकडे बघितलं. दावे तपासणाऱ्याला खोटा माणूस ओळखू येतो. त्याने ओळखलं. आणि आयुष्यात पहिल्यांदा पुरावा मागितला नाही.

"बरं," तो म्हणाला. "मग उद्या गाडी घेऊन येतो."

आईने भांडण केलं नाही. दोन पिशव्या भरल्या. फाटकातून निघताना तिने मागे वळून पायरीकडे बघितलं आणि डोक्यावरचा पदर सारखा केला. तिथे कुणी बसलेलं असावं तसा.

पंधरा दिवसांनी मी वृद्धाश्रमात भेटायला गेलो. चार खाटांची खोली. आईची खाट दारापासून लांब.

"फोटोत होते ना रे ते?" तिने विचारलं.

"कुत्रं होतं, आई."

ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही. शाळेतून खोटं सांगून लवकर आलो की बघायची तशी.

"बरं. मग त्या कुत्र्याला सांग, मी इथे आहे म्हणून. पत्ता नीट सांग. तिथे आता 'आत या' म्हणायलाही कुणी नाही."

"सांगतो."

"हसू नकोस. जाऊन सांग."

मी हसत नव्हतो.

दुसऱ्याच दिवशी गेलो. भर दुपारी. कॅमेरा आणायचाच होता, माझ्या नावावर घेतलेली वस्तू. पट्टा सोडला, कॅमेरा पिशवीत टाकला. मग अंगणाच्या मध्ये उभा राहिलो. बंद दार, तीन पायऱ्या. पानही हलत नव्हतं.

दुसरी पायरी धुळीने भरली होती. फक्त मधोमध एक जागा... एका माणसापुरती... स्वच्छ होती.

पत्ता तोंडपाठ केला होता. वृद्धाश्रमाचं नाव, रस्ता, खोलीचा नंबर.

"बाबा," मी म्हणालो.

ऊन असून अंगावर काटा आला. श्वास सोडला तर वाफ निघाली. मे महिन्यात.

आणि माझ्या तोंडून पत्ता निघालाच नाही.

"एकतीसला दादा येणार होता," मी म्हणालो. "माझी नव्हती पाळी. दादाची होती."

एवढंच बोललो आणि फाटकाबाहेर पळालो. माझ्यामागे फाटक वाजलं. एकदा, मी आपटलं म्हणून.

मग परत एकदा... हळू. कुणीतरी नीट लावून घ्यावं तसं.

दोन आठवडे काही घडलं नाही.

एक जूनला सकाळी सहाला दादाचा फोन आला. दादा नऊच्या आधी कुणाला फोन करत नाही.

"तू घरी गेला होतास?"

"कॅमेरा आणायला."

"तिथे काय सांगितलंस तू?"

"कुणाला?"

तिकडून नुसता श्वास. दात वाजत होते त्याचे. थंडीने वाजतात तसे.

"कुणाला, दादा?"

तेवढ्यात फोनमध्ये मागून कुणीतरी दादाला हाक मारली. त्याच्या लहानपणीच्या नावाने. ते नाव वहिनीला माहीत नाही, मुलांना माहीत नाही. आईही ते वापरत नव्हती. ते नाव फक्त एक माणूस वापरायचा.

फोन बंद झाला.

त्यानंतर दादाने मला फोन केलेला नाही. मी एकदा त्याच्या गल्लीतून गेलो. त्याच्या फाटकाला कॅमेरा लागलाय, महागातला, फोटो थेट मोबाइलवर पाठवणारा. आणि घराचं दार उघडं होतं, सताड. दादा दाराला तीन कुलपं लावणारा माणूस. मी हाक मारली नाही. सायकल न थांबवता पुढे गेलो.

दादा काय बघतो त्या मोबाइलवर, मला माहीत नाही. त्याच्या पायरीवर येऊन बसणाऱ्याला तो काय सांगत असेल, तेही माहीत नाही. पण दावा दुसऱ्याच्या गळ्यात कसा टाकायचा, हे दादाइतकं कुणाला येत नाही. आणि माझा पत्ता त्याला पाठ आहे.

मी दर रविवारी आईकडे जातो. ती तब्येतीचं विचारत नाही, नातवंडांचं विचारत नाही.

"सांगितलंस का त्यांना?"

"हो, आई. सांगितलं."

"मग अजून कसे आले नाहीत?"

मी संत्रं सोलून तिच्या हातात देतो. ती एक फोड खाते, बाकीची उशाशी ठेवते आणि खाट दाराजवळ सरकवून द्यायला सांगते.

मी सरकवून देतो.